दगड ओळखावा, मग धाग्यात ओवावा



लग्नसराई आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचे विषय बदलतात. यंदा दोन प्रश्न पुन्हा पुन्हा आले. तरुण मुली विचारतात, खड्यामण्यांचे दागिने घरी करायला शिकलो, आता त्यातून चार पैसे कसे मिळवावेत? थोरल्या भगिनी विचारतात, अम्मीकडून आलेला फिरोजा हिरवट पडला, मोत्यांची चमक गेली, त्याला उपाय काय? प्रश्न दोन असले तरी उत्तराची सुरुवात एकाच ठिकाणी होते. हातातला दगड कोणता, तो काय सोसतो आणि काय सोसत नाही, हे आधी कळले पाहिजे. ज्याला दगड कळला त्याचा दागिना टिकतो. आणि जे कळले ते जो गिऱ्हाइकाला खरेखरे सांगतो, त्याची रोजी टिकते.

आपल्याच मातीतले धन

खडे म्हटले की आपल्याला जयपूर, हैदराबाद किंवा यमन आठवते. पण छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपले औरंगाबाद, स्वतःच दगडांच्या कोठारावर वसले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि दगडात पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिले आणि पाण्यात विरघळलेली द्रव्ये हळूहळू साकळली. त्यातूनच गारगोटी, बिल्लौर म्हणजे स्फटिक, जांभळा अ‍ॅमेथिस्ट, अकीक आणि झिओलाइट तयार झाले. वेरूळ-अजिंठ्याची लेणी ज्या पाषाणात कोरली, त्याच पाषाणाच्या पोटातले हे धन आहे. अजिंठ्याच्या पायथ्याशी विक्रेते चमचमणारे दगड पुढे करतात ते याच कुळातले. नाशिकजवळ सिन्नरला ‘गारगोटी’ नावाचे खनिज संग्रहालयच आहे. मुलांची सहल नेण्याजोगे ठिकाण आहे.

हा व्यापारही कालपरवाचा नाही. आपल्या शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या पैठणहून अकीकाच्या जातीचा दगड गाड्यांत भरून भडोच बंदराला जात असे, अशी नोंद ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात आहे. त्याच ग्रंथात तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाचेही नाव येते. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळचे मणी आजही पाहायला मिळतात. तेव्हा घरात बसून अकीक ओवणाऱ्या मुलीने आपण काही परके काम करतो असे समजू नये. या मुलुखात ते दोन हजार वर्षांपासून चालत आले आहे.

नावे दोन, दगड एक

आपल्या घरात दगडांची नावे उर्दूत, सराफाकडे मराठीत आणि पाकिटावर इंग्रजीत असतात. फसवणुकीला पहिली फट इथेच मिळते. म्हणून जोड्या पाठ असाव्यात. याकूत म्हणजे माणिक. जुमुर्रद म्हणजे पाचू. मरजान म्हणजे पोवळे. फिरोजा म्हणजे टर्क्वॉइज. लाजवर्द म्हणजे लॅपिस. बिल्लौर म्हणजे स्फटिक. अकीक म्हणजे अ‍ॅगेट. त्यातला तांबडा तो कार्नेलियन, आणि पट्टेवाला तो आपल्याकडे सुलेमानी. सूरह रहमानमध्ये मोती, मरजान आणि याकूत यांचा उल्लेख आहे, हे आपल्या मुलामुलींना ठाऊक असते. ते वाचताना तो दगड कोणता हे दाखवता आले, तर शब्द मनात अधिक पक्का बसतो.

कठीणपणा हीच पहिली ओळख

दगडाचा टिकाऊपणा त्याच्या किमतीवरून ठरत नाही. फ्रेडरिक मोस या खनिजतज्ज्ञाने १८१२ साली दगडांच्या कठीणपणाची १ ते १० अशी पट्टी केली. जो दगड दुसऱ्यावर ओरखडा काढतो तो वरचा, इतका साधा हिशेब. हिरा १० वर, याकूत आणि नीलम ९ वर, पाचू साडेसात ते ८. अकीक, स्फटिक, अ‍ॅमेथिस्ट ही सगळी गारगोटीची भावंडे ७ च्या आसपास. फिरोजा ५ ते ६. लाजवर्द ५ ते साडेपाच. पोवळे ३ ते ४. मोती अडीच ते साडेचार.

यातला ७ हा आकडा ध्यानात ठेवावा. घरातल्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात आणि त्यांचा कठीणपणा ७ असतो. त्यामुळे फिरोज्यावर किंवा मोत्यावर धूळ बसली असताना कोरड्या पदराने घासून पुसले, की आपण त्यावर बारीक ओरखडे काढतो. दोन-चार वर्षांनी ‘चमक गेली’ म्हणतो ती अशी जाते. धूळ आधी फुंकरीने किंवा मऊ ब्रशने झटकावी, मगच पुसावे.

दागिना कोणता करायचा तेही यावरून ठरते. अंगठी आणि बांगडी दिवसभर भांड्यांना, ओट्याला, दाराच्या कडीला आपटते. तिथे ७ किंवा वरचा दगड हवा. फिरोजा, मोती, पोवळे हे कानात किंवा गळ्यात शोभतात आणि टिकतात. अजिंठ्याकडचे पांढरे-पोपटी झिओलाइटचे स्फटिक पाहायला सुंदर असले, तरी मऊ असतात आणि ठरावीक पातळीवर सहज फुटतात. ते कपाटात ठेवावेत, बोटात घालू नयेत.

घरी करायचे काम, आणि घरी न करायचे काम

शिकणाऱ्या मुलींनी ८ मिलिमीटरच्या भोक पाडलेल्या अकीकाच्या मण्यांपासून सुरुवात करावी. १८ इंची म्हणजे ४५ सेंटिमीटरची माळ करायची तर फाशाची जागा सोडून सुमारे ५३ मणी लागतात. पाच-सहा जास्तीचे घ्यावेत, कारण काहींची भोके वाकडी किंवा टवके उडालेली निघतात. मणी उजेडात धरून रंगाप्रमाणे लावून घ्यावेत आणि मगच ओवायला बसावे. दगडाच्या भोकाची धार सुती धाग्याला कापते. म्हणून अकीकासाठी प्लास्टिकचे आवरण असलेली बारीक पोलादी तार वापरावी. तिची टोके फाशाच्या कडीतून वळवून दाबायच्या छोट्या धातूच्या मण्याने पक्की करावीत.

मोत्यांना मात्र रेशमी धागा हवा, आणि प्रत्येक मोत्यानंतर गाठ. गाठीमुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत. शिवाय धागा तुटलाच तर एकच मोती सुटतो, सगळी माळ लग्नाच्या मांडवात विखुरत नाही. नेहमी वापरातली माळ वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा ओवून घ्यावी. आपल्या पटवेकऱ्यांना हे काम पिढ्यान्‌पिढ्या येते. काळ्या पोतीचा लच्छा ओवणाऱ्या एखाद्या जुन्या पटवेकऱ्याजवळ चार दुपारी बसून पाहिले, तर आठवडाभराच्या वर्गाइतके शिकता येते. कानातल्यासाठी आकडा शक्यतो चांदीचा घ्यावा. स्वस्त आकड्यांत निकेल असते आणि त्याने पुष्कळ मुलींचे कान चिघळतात.

एक काम मात्र घरी मुळीच करू नये. अकीक कापणे, घासणे, त्याला कोरडे भोक पाडणे. गुजरातमधील खंभातला अकीकाचा फार जुना उद्योग आहे. तिथे मडक्यांत, गोवऱ्यांच्या आचेवर दगड भाजून त्यातल्या लोहामुळे त्याला तांबडा रंग आणतात. तसबीहचे मणी, अंगठीचे खडे तिथून दूरदूर गेले. पण अकीक घासताना उडणारी धूळ फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. खंभातच्या कारागिरांत आणि त्यांच्या शेजारपाजारच्या घरांतही तो आढळल्याचे वैद्यकीय अभ्यासांत नोंदले गेले आहे. यूट्यूबवर कोणी घरच्या ड्रिलने दगडाला भोक पाडताना दिसले, तर ते पाहून मुलींनी तसे करू नये. ज्या घरात लहान मूल झोपले आहे तिथे तर नाहीच. आणि हाती येणाऱ्या गुळगुळीत मण्यामागे कोणाचा तरी श्वास खर्ची पडलेला असू शकतो, हे लक्षात घेऊन त्याच्या किमतीत फार घासाघीस करू नये.

खरा, रंगवलेला, की नकली?

बाजारात तीन प्रकारचा माल असतो. निसर्गातून आला तसा, माणसाने भाजून वा रंगवून बदललेला, आणि काचेचा किंवा प्लास्टिकचा. दुसरा प्रकार वाईट नव्हे. एकसारखा काळाभोर ‘ओनिक्स’ हा बहुधा रंगवलेला अकीक असतो. दगड साखरेच्या पाण्यात मुरवून मग तेजाबाने आतली साखर काळी करतात. भडक गुलाबी, निळा, पोपटी अकीकही बहुतेक रंगवलेलाच. पिवळा सिट्रीन पुष्कळदा भाजलेला अ‍ॅमेथिस्ट असतो. फिरोजा म्हणून हाऊलाइट नावाचा पांढरा दगड निळा रंगवून सर्रास विकला जातो. पाचूच्या बारीक भेगांत तेल भरण्याची रीत तर सर्वमान्य आहे. यात खोट केव्हा येते? जेव्हा रंगवलेला माल अस्सल सांगून त्या भावाने विकला जातो.

घरच्या घरी थोडी पारख करता येते. नखांचा रंग काढायच्या द्रवात कापूस बुडवून मण्याच्या मागच्या बाजूला हलकेच लावावा. कापूस रंगला तर मणी रंगवलेला आहे. ही परीक्षा मोत्या-पोवळ्यावर करू नये. मोती दाताच्या कडेवर अलगद फिरवला तर खरा असल्यास किंचित खरखरीत लागतो, प्लास्टिकचा गुळगुळीत. इथे ‘खरा’ म्हणजे शिंपल्यात वाढलेला. आज बाजारात येणारे जवळजवळ सगळे मोती शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले असतात आणि तेही खरेच. महागाचा खडा घ्यायचा असेल तर डोळ्यावर विसंबू नये. मुंबई आणि जयपूरला रत्नपरीक्षणाच्या प्रयोगशाळा आहेत, तिथला दाखला मागावा. वजनही कॅरेटमध्ये लिहून घ्यावे. १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, जगभर तेवढेच. रत्ती मात्र दुकानागणिक बदलते.

दगड नशीब बदलत नाही

हे लिहिणे भाग आहे, कारण सगळ्यात मोठे नुकसान इथेच होते. नावाच्या पहिल्या अक्षरावरून, बुर्जावरून दगड सांगणारे आपल्याही वस्त्यांत बसतात. मुलीचे जमत नाही, मुलाला नोकरी नाही, कर्ज फिटत नाही. अशा वेळी माणूस काहीही घ्यायला तयार होतो. आमच्या ओळखीच्या एका घराने मुलीच्या लग्नासाठी साठवलेल्या पैशांतून ‘नीलम’ घेतला. पुढे परीक्षण केले तर ती निळी काच निघाली. खरा नीलम निघाला असता तरी त्या घराची अडचण सुटणार होती काय?

हजरत उमर (रजि.) यांनी हजरे अस्वदचे चुंबन घेताना स्पष्ट सांगितले होते की तू एक दगड आहेस, नफा-नुकसान तुझ्या हाती नाही, पैगंबर मुहम्मद (स.अ.स.) यांना चुंबन घेताना पाहिले म्हणूनच मी घेतो. काबागृहातल्या दगडाबद्दल ही समज, तर मग बाजारातल्या दगडाची काय कथा! पैगंबर (स.अ.स.) चांदीची अंगठी वापरत आणि तिचा खडा हबशी होता, असे हजरत अनस (रजि.) यांच्या रिवायतीत आले आहे. त्या प्रेमाने कोणी चांदीत अकीक घालत असेल तर आनंदाने घालावा. तो घातल्याने संकट टळेल म्हणून मात्र कोणी पैसे मागत असेल, तर दाराबाहेरूनच परत पाठवावे. आणि आपण स्वतः विकताना ‘हा लाभतो’ असा शब्द तोंडून काढू नये, गिऱ्हाईक कितीही आग्रह करो.

निगा: रोजच्या जगण्यातली

दगडांच्या निगेची पुस्तके आपल्या घरांना पुरत नाहीत. आपल्याकडे दिवसातून पाच वेळा वुजू होतो, ईदला मेंदी लागते, जुम्याला अत्तर लागते. म्हणून आपल्या पद्धतीने सांगतो.

वुजूच्या वेळी घट्ट अंगठी हलवून तिच्याखाली पाणी पोचवायचे असते. अकीक, स्फटिक, याकूत यांना त्या पाण्याने काही होत नाही. फिरोजा, मोती, पोवळे यांची अंगठी मात्र साबणाच्या आणि वारंवार ओल्या होणाऱ्या हातात ठेवू नये. काढून ठेवायला न्हाणीघराबाहेर एक वाटी ठरवून ठेवावी. फिरोज्याला बारीक छिद्रे असतात. तेल, घाम, साबण आत मुरले की निळा रंग हिरवट होतो. झालेला बदल बहुधा परत फिरत नाही, पुढचा टाळता येतो.

मोती अत्तराला आणि आंबटाला भितो. तो शिंपल्याच्याच द्रव्याचा असतो, आंबट लागले की वरचा थर विरघळतो. तेव्हा लिंबू, चिंच, व्हिनेगरने मोती, पोवळे कधीही उजळू नयेत. मेंदी, पावडर, अत्तर सगळे उरकले की मोती घालावेत. लग्नाहून घरी आल्यावर बुरख्यापाठोपाठ मोतीच उतरवावेत. ओल्या मऊ फडक्याने पुसून, सपाट ठेवून वाळवावेत आणि मलमलीत गुंडाळावेत. टांगून ठेवले तर धागा ताणतो. मेंदीचा ओला हात फिरोज्याला लावू नये, डाग आत उतरतो.

अ‍ॅमेथिस्टचा रंग कडक उन्हात फिका पडतो. खिडकीत ठेवू नये. पाचू कोमट पाण्याने नुसता धुवावा. सराफाच्या कंपनाच्या यंत्रात तो घालू देऊ नये, भेगांतले तेल निघून जाते. चांदी काळी पडली तर टूथपेस्टने घासू नये, ओरखडे पडतात. खाण्याचा सोडा, गरम पाणी आणि अ‍ॅल्युमिनियमचा कागद हा उपाय फक्त बिनखड्याच्या चांदीला. खडा असेल तर मऊ साबणाचे पाणी, मऊ ब्रश, आणि कोरडे फडके एवढेच पुरे. अकीकाची तसबीहसुद्धा महिन्यातून एकदा अशीच धुवावी. हाताचे तेल बसून ती मंद दिसू लागते. प्रत्येक दागिन्याला स्वतंत्र पिशवी हवी. एकाच डब्यात ठेवले तर याकूत मोत्याला खाऊन टाकतो.

विकताना: ओला भाग वर

एकदा पैगंबर (स.अ.स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तो आतून ओला लागला. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा त्याला विचारले गेले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? घरून दागिने विकणाऱ्या प्रत्येक मुलीने ही हदीस आपल्या कामाचा पाया मानावी. आपला ‘ओला भाग’ म्हणजे रंगवलेला मणी, मुलाम्याची चांदी, मऊ दगड. तो पाकिटावर लिहावा: ‘रंगवलेला अकीक. आकडा चांदी ९२५. अत्तर-साबण लावू नये.’ ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. सुरुवातीला दोन गिऱ्हाइके कमी होतील. पण ज्याने हे पाकीट वाचून माल घेतला तो पुढच्या लग्नाला पुन्हा येईल, आणि बहिणीलाही पाठवेल. रंगवलेल्या मण्यालाही सन्मान असतो, तो खोट्या नावाने विकला नाही तर.

भाव लावताना आपले कष्ट धरावेत. समजा सामान १८० रुपयांचे आणि काम दोन तासांचे. ‘घरीच तर बसली होतीस’ म्हणून २०० ला विकले, तर दोन तासांचे २० रुपये आले. घरच्यांनीही हा हिशेब समजून घ्यावा.

आणि ज्यांनी सोन्यात खडे बसवून घेतले आहेत त्यांच्यासाठी. पावतीवर दागिन्याचे एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचे वजन वेगवेगळे लिहून घ्यावे. मोडीच्या वेळी सराफ दगडाचे वजन वजा करतो; घेताना मात्र ते सोन्याच्या भावात गेलेले असते. जकातीलाही हाच आकडा लागतो. हनफी मसलकाप्रमाणे दागिन्यातल्या सोन्या-चांदीवर जकात आहे. निसाब साडेसात तोळे म्हणजे ८७.४८ ग्रॅम सोने किंवा साडेबावन्न तोळे म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदी. अंगावरच्या खड्यांवर जकात नाही, विक्रीसाठी साठवलेल्या खड्यांच्या किमतीवर आहे. तपशील आपल्या आलिमांकडून जाणून घ्यावा.

या महिन्यात एवढे करा. दागिन्यांचा डबा उघडा, प्रत्येक खड्याचे नाव चिठ्ठीवर लिहा, मोती वेगळे काढा. ज्याचे नाव सांगता येणार नाही तो घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवा. कुठला खडा कोणाच्या निकाहात आला होता, हे सांगणारे अजून घरात आहेत, तोवर तेही त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या. अल्लाह आपल्या मुलींच्या हातांत हुन्नर आणि जिभेवर सच्चाई देवो. आमीन.